पाठीवर किती ग्रॅम आणि फ्रेममध्ये किती डोंगर: स्टँडर्ड झूमबद्दल तुमचे प्रश्न

या वेळची पत्रं वाचताना लक्षात आलं की बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, लँडस्केपसाठी स्टँडर्ड झूम कुठली घेऊ. म्हणून हा अख्खा अंक त्यालाच देतेय. नवीन वाचकांसाठी एवढंच सांगते की स्टँडर्ड झूम म्हणजे जिच्यात थोडा वाइड, मधला नॉर्मल आणि थोडा टेली असं तिन्ही मिळतं ती, फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, साधारण २४ पासून ७०, १०५ किंवा १२० एमएमपर्यंत आणि क्रॉप सेन्सरवर, म्हणजे त्याहून लहान सेन्सरवर, १६ किंवा १८ पासून पुढे. एमएमचा आकडा लहान तेवढं दृश्य रुंद म्हणजे वाइड, मोठा तेवढं लांबचं जवळ म्हणजे टेली, आणि एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं छिद्र मोठं. कॅमेऱ्यासोबत जी किट लेन्स येते ती पण यातलीच.

प्रश्न: ताई नमस्कार. माझ्याकडे निकॉन झेड ५ आहे, त्यावर सध्या फक्त ५० एमएमची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स आहे. महिन्याला एक तरी किल्ला होतोच. २४-७० एफ २.८ साठी वर्षभर पैसे साठवतोय कारण जो भेटतो तो म्हणतो घ्यायची तर प्रो लेन्सच घे. आता ग्रुपमधला एक मित्र म्हणतोय २४-१२० एफ ४ घे, दुसरा म्हणतोय २८-७५ एफ २.८ घे, पैसे वाचतील. काय करू कळत नाहीये.
चिंचवडहून एक वाचक

उत्तर: थेट सांगते, २४-१२० एफ ४ घ्या. आता का ते सांगते, कारण नुसतं उत्तर ऐकून घेतलेली लेन्स नंतर खुपत राहते.

एफ २.८ चे पैसे कशाचे असतात? मोठ्या काचेचे. ती मोठी काच अंधारात, मंडपात, हलणाऱ्या माणसांवर कामाला येते. लग्नाची कामं करणाऱ्याला मी एका क्षणात २.८ घे म्हणेन. पण तुम्ही किल्ल्यावर काय करता ते आठवून बघा, पहाटे माचीच्या टोकाला ट्रायपॉड लावता, समोरचा दगड पण शार्प हवा आणि मागची डोंगररांग पण शार्प हवी म्हणून एफ ८ किंवा एफ ११ ला जाता, आणि तिथे गेल्यावर २.८ वाली लेन्स आणि ४ वाली लेन्स यांच्यातला फरक जवळजवळ संपतो. एफ ८ ला घेतलेले दोन्हींचे फोटो मी शेजारी शेजारी लावून बघितलेत, प्रिंट काढून पण बघितलेत, मला तरी कुठला कुठल्या लेन्सचा ते सांगता आलं नाही. म्हणजे जे उघडायचंच नाही त्या दाराचे पैसे भरायचे आणि वर ते दार पाठीवर घेऊन गड चढायचा.

वजनाचं बघा. निकॉनची पहिली २४-७० एफ २.८ एस ८०५ ग्रॅमची आहे, २४-१२० एफ ४ एस आहे ६३० ग्रॅमची. १७५ ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही पण गुंजवण्यातून चोरदरवाज्याने राजगड चढताना पाठीवर तीन लिटर पाणी, ट्रायपॉड, जेवण, जॅकेट सगळं असतं आणि शेवटच्या त्या रेलिंगच्या टप्प्यात प्रत्येक ग्रॅम जाणवतो. आणि खरी गोष्ट वेगळीच आहे. २४-७० घेतलेला माणूस पुढच्या सहा महिन्यांत ७० च्या पुढे काहीतरी हवं म्हणून अजून एक लेन्स घेतो, मग सॅकमध्ये दोन लेन्स होतात, आणि जोरदार वाऱ्यात माचीवर उभं राहून लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसते ती वेगळी.

७० च्या पुढे लँडस्केपमध्ये काय करायचंय असं अजून बरेच जण विचारतात, तर माझं उत्तर आहे तोरणा. संध्याकाळी राजगडाच्या संजीवनी माचीवरून तोरण्याकडे बघताना डोळ्याला तो केवढा दिसतो, पण २४ ला फोटो काढलात की तो मागे एक बारीकसा उंचवटा होऊन बसतो आणि घरी आल्यावर वाटतं अरे इथे तर काहीच नाहीये. तोच फोटो १०० ते १२० ला काढा. मधल्या डोंगरांच्या घड्या एकावर एक येतात, दोन रांगांच्या मधे साचलेलं धुकं वेगळं दिसतं, आणि तोरणा डोळ्यांनी पाहिला तेवढा मोठा वाटतो. सह्याद्रीत डोंगर एकामागे एक असेच रचलेले आहेत त्यामुळे आपल्याकडे थोडी लांब लेन्स जेवढी उपयोगी पडते तेवढी वाइड पडत नाही, हे मी अनेक वर्षं फिरून सांगतेय. माझ्या प्रिंट काढण्यालायक फोटोंमध्ये निम्म्याहून जास्त ५० च्या पुढचे आहेत, आणि हे मला स्वतःला पण फोटोंची माहिती उघडून मोजेपर्यंत माहीत नव्हतं.

आता २८-७५ बद्दल. लेन्स चांगली आहे, ५६५ ग्रॅमची आहे, खिशालाही बरी. पण २४ आणि २८ मधले ते चार एमएम कमी समजू नका. लांबच्या टोकाला ७० चे ७५ झाले तर काहीही फरक पडत नाही, वाइडच्या टोकाला मात्र एकेक एमएम मोलाचा असतो. २४ ला आडव्या फ्रेममध्ये सुमारे ७४ अंश बसतात, २८ ला ६५ च्या आसपास. शहरात दोन पावलं मागे सरकून हे भरून काढता येतं, कड्यावर मागे सरकायला जागा नसते हो, मागे दरी असते किंवा तटबंदी असते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा घ्या, तो एवढा वाटोळा आतमध्ये वळलाय की २४ ला पण पूर्ण बसत नाही. तिथे कॅमेरा उभा धरून एकावर एक तिसरा हिस्सा येईल असे ओळीने फोटो घ्यायचे आणि घरी जोडायचे, २८ ला अर्ध्या वर्तुळासाठी साधारण सहा उभे फोटो लागतात. म्हणजे २८ वाल्याचं अडतं असं नाही, पण रोज रोज जोडत बसायचं नसेल तर २४ हवी. अजून एक गंमतीची गोष्ट, इंद्रधनुष्याची त्रिज्या नेहमी ४२ अंशांची असते म्हणजे जमिनीलगतचा सूर्य असताना पूर्ण कमान ८४ अंश रुंद होते, ती २४ च्या आडव्या फ्रेममध्ये मावत नाही. तेव्हा न घाबरता अर्धीच कमान घ्या आणि तिचं टोक जिथे टेकतं तिथला डोंगर नीट धरा, बऱ्याचदा तोच फोटो जास्त चांगला असतो.

तुमच्या कॅमेऱ्यात सेन्सर हलवून थरथर सावरायची सोय आहे त्यामुळे लेन्समध्ये ती नसली तरी चालतं, २४-१२० मध्ये ती नाहीये आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दुसरं, लँडस्केपसाठी ऑटोफोकस किती वेगवान आहे याला माझ्या लेखी काही किंमत नाही, डोंगर कुठे पळत नाही. त्यापेक्षा सूर्य फ्रेममध्ये असताना लेन्स कशी वागते ते बघा, फिकट डाग पडतात का, काळा भाग दुधाळ होतो का, कारण आपले निम्मे फोटो उगवता किंवा मावळता सूर्य समोर ठेवूनच असतात. सूर्याची चांदणी आवडत असेल तर छिद्र लहानमोठं करणारी आतली ब्लेड किती ते पण बघा, विषम संख्येची ब्लेड असली की किरणं दुप्पट येतात, नऊ ब्लेडना अठरा.

पैसे खरंच कमी पडत असतील तर तुमच्या यादीत नसलेली एक सांगते, निकॉनचीच २४-७० एफ ४. फक्त ५०० ग्रॅम, आणि झेड ६, झेड ७ सोबत किटमध्ये भरपूर विकली गेल्यामुळे सेकंडहँडमध्ये सहज सापडते. ७० च्या पुढचं नंतर बघता येईल. उरलेल्या पैशात मजबूत ट्रायपॉड घ्या, डगमगता ट्रायपॉड असताना २.८ काय नि ४ काय.

प्रश्न: मी शाळेत शिकवते, सुट्टीत फोटोग्राफी. जुना कॅनन डीएसएलआर आणि सोबत आलेली १८-५५ आहे. दरवर्षी कासला जाते. मुलगा म्हणतो आई ही किट लेन्स टाकून दे, २४-७० चांगली घे. टाकून देऊ का?
साताऱ्याहून एक वाचक

उत्तर: अजिबात टाकू नका. आणि क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४-७० तर मुळीच घेऊ नका. कॅननचा क्रॉप १.६ चा आहे, म्हणजे २४ लावली की ती ३८ सारखी दिसते, तुमचा वाइडच गेला. तुमची १८-५५ फुल फ्रेमच्या हिशोबात जवळपास २९ ते ८८ होते, लँडस्केपला हा पल्ला उत्तम आहे. किट लेन्सला नावं ठेवायची एक सवय लागलीय लोकांना, पण एफ ८ ला आणि ट्रायपॉडवर ही लेन्स जे देते ते बघून स्वतः खात्री करा. तिच्यात खरी कमी कुठे आहे तर प्लॅस्टिकची बांधणी, पावसापासून संरक्षण नाही आणि कडेच्या कोपऱ्यात थोडा मऊपणा, बस.

कासचं म्हणाल तर तिथे ही लेन्स मला फार आवडते कारण ती जवळून फोकस करते, एसटीएम मोटर वाली असेल तर सेन्सरपासून २५ सेंटीमीटरपर्यंत. सीतेची आसवं किंवा कवला किती इवलीशी फुलं आहेत तुम्हाला सांगायला नको. १८ ला जाऊन कॅमेरा अगदी जमिनीलगत आणा, तेरड्याचा गुलाबी गालिचा पुढे आणि ढग मागे. फक्त एक लक्षात घ्या, १८ ला एफ ११ वर दीड मीटरवर फोकस केलं तर पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत शार्प मिळतं, पण फूल तुम्ही ३० सेंटीमीटरवर घेतलंत तर ते आणि क्षितिज दोन्ही एका फोटोत शार्प येणार नाहीत, कुठलीही महाग लेन्स आणा, येणार नाहीत. दोन तीन फोटो वेगवेगळ्या फोकसने घेऊन जोडता येतात पण पठारावर वारा थांबतच नाही आणि फुलं डोलत राहतात. तिथे मी फूल शार्प ठेवते आणि मागचं मऊ होऊ देते, त्यात काही बिघडत नाही. आणि कुंपणाच्या आत पाय ठेवून फोटो काढणारे दिसले तर शिक्षिकेच्या आवाजात बोला, खरंच बोला, २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारशात गेलं आणि त्यानंतर जेवढी गर्दी वाढली तेवढी फुलं तुडवली जायला लागली. एका चांगल्या फोटोसाठी दहा झाडं चिरडलेली मला सहन होत नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर १८-५५ च्या बदली काही न घेता तिच्या जोडीला कॅननची १०-१८ एसटीएम घ्या. २४० ग्रॅमची आहे, पर्समध्ये राहील, आणि तुमच्या कॅमेऱ्यावर १६ सारखी वाइड मिळेल. मुलाला सांगा आईची किट लेन्स घरातच राहणार.

प्रश्न: सगळं शार्प यावं म्हणून मी कायम एफ २२ ला फोटो काढतो. तरी फोटो मऊ येतात. लेन्स बदलू का?
अहिल्यानगरहून एक वाचक

उत्तर: लेन्स नका बदलू, आकडा बदला. छिद्र फार बारीक केलं की प्रकाश त्याच्या कडांना वाकतो आणि सगळाच फोटो किंचित मऊ होतो, जगातली कुठलीही लेन्स यातून सुटत नाही. क्रॉपवर एफ ८, फुल फ्रेमवर एफ ८ ते ११, अगदीच गरज पडली तर १६. फुल फ्रेमवर २४ ला एफ ११ ठेवून पावणेदोन-दोन मीटरवर फोकस केलं तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं येतं, अजून काय पाहिजे.

प्रश्न: ताई आमच्याकडे पाऊस म्हणजे काय ते तुम्हाला माहितीच आहे. आंबोलीला जाऊन फोटो काढायचे तर लेन्स वेदर सील्डच लागते का? माझ्या आधीच्या लेन्सला आतून बुरशी आली, कपाटात डांबरगोळ्या ठेवून पण आली. नवीन घेताना काय बघू? फिल्टरचं पण सांगा.
सावंतवाडीहून एक वाचक

उत्तर: तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, लेन्सच्या आत पसरलेली ती कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी बघणं म्हणजे जीव तुटतो. आधी ते डांबरगोळ्यांचं, त्या ताबडतोब काढा. त्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्याचं काही नाही, उलट त्यांची वाफ काचेवर आणि रबरावर बसते. बुरशीला तीन गोष्टी लागतात, ओल, अंधार आणि न वापरलेली काच. लेन्स चामड्याच्या किंवा कापडी केसमध्ये बंद करून कपाटात ठेवली की तिन्ही मिळाल्या.

जमत असेल तर छोटं ड्राय कॅबिनेट घ्या आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. तेवढं जमत नसेल तर घट्ट झाकणाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि एक स्वस्तातलं आर्द्रता दाखवणारं मीटर, एवढ्यात काम होतं. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओल पिऊन भरले, गरम करून परत निळे करायचे, लोक इथेच चुकतात, एकदा ठेवलेलं जेल तीन पावसाळे तसंच. काही जण तांदळात ठेवतात, ते नको, तांदळाची पूड लेन्सच्या फटीत जाते. आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी लेन्स बाहेर काढा, उजेड दाखवा, चार फोटो काढा.

आता वेदर सीलिंग, म्हणजे पाणी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून सांध्यांना लावलेलं रबर. असेल तर उत्तम, तुमच्या भागात मी ती नक्की बघेन, पण सील्ड म्हणजे वॉटरप्रूफ नाही हे पक्कं लक्षात ठेवा. आणि सीलिंग कॅमेऱ्याला आणि लेन्सला दोघांनाही हवं, एकालाच असून उपयोग नाही. स्टँडर्ड झूम बहुतेक सगळ्या झूम करताना पुढे लांब होतात. ती नळी बाहेर असताना तिच्यावर पाणी पडतं आणि तुम्ही परत आत घेतलीत की ते पाणी सोबत आत जायला बघतं, म्हणून झूम मागे घ्यायच्या आधी नळी कोरड्या फडक्याने पुसायची, ही एक सवय लावलीत तर सीलिंग नसलेली लेन्स पण बरीच वर्षं टिकेल. मी आंबोलीत साधी मोठी छत्री आणि सुती पंचा यावर अवलंबून असते, रेनकव्हर सॅकमध्ये असतं पण हाताला छत्रीच येते. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढू नका, थंड काचेवर बाहेरची दमट हवा जमते, अर्धा तास सॅकमध्येच गरम होऊ द्या किंवा झिपच्या पिशवीत ठेवून बाहेर आणा.

फिल्टर एकच घ्यायचा असेल तर पोलरायझर घ्या. लोकांना वाटतं तो निळ्या आभाळासाठी असतो, आपल्याकडे पावसाळ्यात निळं आभाळ कुठलं, त्याचं खरं काम ओल्या पानांवर आहे. भिजलेलं रान पांढरट चमकत असतं, पोलरायझर फिरवला की ती चमक जाते आणि खालचा हिरवा रंग वर येतो, काळा कातळ खरोखर काळा दिसतो. त्यात दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कमी होतो आणि धबधब्याला ते फायद्याचंच आहे, पाव सेकंद ते एक सेकंदाचा शटर आपोआप मिळायला लागतो. २४ च्या पुढे फार वाइड जाऊन मोकळं आभाळ घेताना मात्र तो काढून ठेवा, आभाळाचा अर्धा भाग गडद आणि अर्धा फिका असा पट्टा येतो.

घेताना ७७ एमएम व्यासाचा घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी घ्या. एफ ४ च्या बऱ्याच झूम ७७ किंवा ७२ च्या असतात, एफ २.८ वाल्या पुष्कळशा ८२ च्या, आणि ८२ चा चांगला पोलरायझर बराच महाग पडतो, लेन्सची किंमत बघताना हा हिशोब कुणी धरत नाही.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे सोनीचा क्रॉप सेन्सर कॅमेरा आणि १६-५० किट आहे. कळसूबाई, रतनगड, सांदण सगळं झालंय. आता आकाशगंगा काढायचीय. त्यासाठी एफ २.८ ची झूम घ्यावी लागेल ना? घरी कसं सांगू कळत नाही.
नाशिकहून एक विद्यार्थी

उत्तर: अरे, घरी सांगायची वेळच येणार नाही. वर मी एफ २.८ ला एवढं नको नको म्हटलं, तारे ही त्यातली एक खरी सूट आहे, तिथे जेवढं छिद्र मोठं तेवढं बरं. पण मग २.८ वर तरी का थांबायचं? सॅमयांगची १२ एमएम एफ २ मॅन्युअल लेन्स मिळते, झूमपेक्षा पुष्कळ स्वस्त, जुनी तर अजून स्वस्त. एफ २ म्हणजे एफ २.८ च्या दुप्पट आणि एफ ४ च्या चौपट प्रकाश. ऑटोफोकस नाही पण ताऱ्यांवर ऑटोफोकस तसाही नीट चालत नाही, स्क्रीनवर एखादा ठळक तारा मोठा करून बघायचा आणि तो सगळ्यात बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवायची. शटर १५ ते २० सेकंद ठेव, त्याहून जास्त ठेवलं की तारे लांबट होतात. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ३२०० पासून सुरू कर.

आकाशगंगेचा मधला जाड भाग आपल्याकडे फेब्रुवारीपासून मे पर्यंत बघ, पहाटेपासून सुरू होऊन पुढे पुढे लवकर उगवतो, जूनमध्ये ढग आले की संपलं. अमावस्येच्या आसपासचे दिवस धर. रतनगडाच्या नेढ्यातून, म्हणजे कातळातल्या आरपार भोकातून, काढायचा मोह होईल, पण तिथे रात्री एकटा जाऊ नकोस, आधी दिवसा जागा बघून ठेव आणि सोबत कोणीतरी असू दे.

आणि दिवसाच्या लँडस्केपसाठी तुझी १६-५० दोन वर्षं अजून वापर. नंतर कमवायला लागलास की सिग्माची १८-५० एफ २.८ बघ, २९० ग्रॅमची आहे, एवढ्या छोट्या लेन्समध्ये २.८ मिळतंय हे हातात घेतल्यावर पण पटत नाही. वाइड जास्त आवडत असेल तर टॅमरॉनची १७-७०, पण ती ५२५ ग्रॅमची आहे, दोन्ही हातात धरून मग ठरव.

प्रश्न: आम्ही नोकरीनिमित्त कॅनडात आलो. बँफ नॅशनल पार्कला वारंवार जाणं होतं. सोनी फुल फ्रेमसाठी २०-७० एफ ४ की २४-१०५ एफ ४? इथे सगळंच अवाढव्य आहे, त्यामुळे वाइडच हवी असं वाटतं.
कॅल्गरीहून एक वाचक

उत्तर: मोरेन लेकला दगडांच्या त्या ढिगाऱ्यावर चढून उभं राहिलं की समोर दहा शिखरं आणि खाली ते निळं पाणी, सगळंच एका फोटोत घ्यावंसं वाटणार. तिथे २० खरोखर उपयोगी पडते, आडव्या फ्रेममध्ये ८४ अंश येतात आणि तळ्याचा काठ, लाकडं, शिखरं असं सगळं बसतं. पण जेवढं वाइड जाल तेवढी शिखरं बुटकी होतात. अवाढव्य डोंगर अवाढव्य दिसायला हवा असेल तर ७० ते १०० ला एकच शिखर आणि त्याच्या पायाशी झाडांची रांग घ्या, झाडं बारीक दिसली की डोंगर आपोआप मोठा होतो.

तुम्ही तिथेच राहता, परत परत जाणार आहात, म्हणून मी २४-१०५ कडे झुकते, सप्टेंबरच्या शेवटी लार्चची झाडं सोनेरी होतात तेव्हा उतारावरचा एखादाच पिवळा पट्टा उचलायला १०५ लागतेच. तिच्यात थरथर सावरायची सोय पण आहे. २०-७० चं म्हणणं वजनाचं, ४८८ विरुद्ध ६६३ ग्रॅम. ज्यांच्याकडे आधीच ७०-२०० किंवा १००-४०० आहे त्यांना मी डोळे झाकून २०-७० सांगेन. मोरेन लेकला २०२३ पासून खाजगी गाड्या बंद आहेत, शटलने जावं लागतं, त्यामुळे गाडीत दुसरी लेन्स ठेवलीय आणि लागली तर आणू असं तिथे होत नाही, जे पाठीवर असेल तेच. तळ्यावर पोलरायझर वापरताना एकदा पूर्ण फिरवून बघा, पाण्यातली चमक जाते तसं शिखरांचं प्रतिबिंब पण जातं, कुठे थांबायचं ते तुमच्या डोळ्याने ठरवा.

प्रश्न: सेकंडहँड २४-१०५ घ्यायला बोरा बाजारात जाणार आहे. मागच्या वेळी एका दुकानात फसलो होतो, घरी आल्यावर कळलं की डावी बाजू कायम मऊ येते. काय काय तपासू?
डोंबिवलीहून एक वाचक

उत्तर: डावी बाजू मऊ म्हणजे आतली एखादी काच किंचित सरकलेली होती, बहुतेक कधीतरी पडलेली लेन्स. पोर्ट्रेट काढणाऱ्याच्या हे कधी लक्षात पण येत नाही, लँडस्केपवाल्याचं मात्र यात सगळंच जातं कारण आपल्याला चारही कोपरे लागतात.

स्वतःचा कॅमेरा, मोकळं कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. दोन्ही कॅप काढून एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा, धुळीचे दोन चार कण असले तर सोडून द्या, धाग्यांसारखी नक्षी किंवा धुकट डाग दिसला की लेन्स परत द्या, किती पण स्वस्त असो, बुरशी साफ केली तरी काचेवरचा थर खाल्लेला असतो आणि ती परत येते. झूमची रिंग पूर्ण फिरवा, कुठे अडकते का, खरखर येते का. लेन्स खाली तोंड करून धरा, आपोआप सुळकन लांब झाली तर ट्रायपॉडवर खाली कॅमेरा केल्यावर रोज हेच होणार, किंमत त्या हिशोबाने पाडा. माउंटचे, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या कडीचे, स्क्रू बघा, खाचा झिजलेल्या असतील तर कुणीतरी उघडलीय. ब्लेडवर तेल आहे का तेही बघा.

मग दुकानाच्या बाहेर या आणि समोरच्या इमारतीला अगदी सरळ उभे राहून २४ ला, ५० ला आणि १०५ ला एफ ५.६ वर एकेक फोटो काढा. फोर्टातल्या जुन्या इमारतींना खिडक्यांच्या एवढ्या ओळी आहेत की लेन्स तपासायचा यापेक्षा चांगला चार्ट विकत मिळणार नाही. तिथेच कॅमेऱ्यात मोठं करून चारही कोपऱ्यातल्या खिडक्या बघा. चारही कोपरे मधल्यापेक्षा थोडे थोडे मऊ असतील तर ठीक, एकच बाजू वेगळी मऊ दिसली तर परत एकदा काढून खात्री करा आणि तरी तेच आलं तर लेन्स काउंटरवर ठेवून निघा, दुकानदार किती पण म्हणू दे की साहेब एवढं कोण बघतं. सूर्य असेल तर लेन्स थोडी त्याच्याकडे वळवून पण एक फोटो काढा. बिलावर लेन्सचा सिरीयल नंबर लिहून घ्या आणि परत करायची मुदत किती दिवसांची ते पण त्याच बिलावर, सहीसकट.